चेहरा कुणाचा, नाव कुणाचं

मराठी मुलखातल्या एखाद्या जुन्या शाळेच्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात बसून मान वर केली, की पंख्याच्या पात्यांवर रंगवलेली नावं दिसतात. कुणाच्या तरी स्मरणार्थ, कुणाकडून तरी सप्रेम भेट. बाकांच्या पाठीवर, पायऱ्यांच्या फरशांवर, पाणपोईच्या कट्ट्यावर अशीच नावं असतात. भिंतीतल्या संगमरवरी पाटीवर तर नावापुढे रकमाही असतात: पाच हजार एक, एक हजार एक, पाचशे एक. या प्रथेची आपण पुष्कळ टिंगल केली आहे. या हाताचं त्या हाताला कळू नये असं ज्या घरांत शिकवलं गेलं, तिथे पंख्यावर नाव घालणारा माणूस जरा हलकाच समजला जातो.

फोनवर येणारी मदतीची आवाहनं गेली काही वर्षं वाचत असताना मला त्या पंख्यांची नव्याने आठवण होते. आवाहनाचा साचा आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रुग्णालयातली खाट, नाकात नळी घातलेलं मूल, शेजारी आई. खाली जमलेल्या रकमेची पट्टी आणि किती दिवस उरले त्याचा आकडा. मुलाचं नाव, वय, गाव, आजार, बापाचा धंदा, महिन्याची कमाई, विकलेले दागिने, घेतलेलं कर्ज असं सगळं तिथे उघडं असतं. आपण पैसे द्यायला बोट पुढे करतो तेव्हा एक छोटा चौकोन विचारतो: तुमचं नाव गुप्त ठेवायचं का? एका टिचकीसरशी ठेवता येतं. तसला चौकोन घेणाऱ्याच्या बाजूला नसतो.

म्हणजे पंख्यावरच्या पाटीच्या बरोबर उलट. तिथे देणाऱ्याचं नाव जगजाहीर होतं. पंख्याखाली वारा घेत बसलेल्या माणसाला कुणी विचारत नसे की तुला उकडतंय याचा पुरावा काय. इथे देणारा अंधारात उभा आणि उजेड सगळा घेणाऱ्याच्या तोंडावर. दान गुप्त असावं की जाहीर, हा वाद जुना आहे. मला पडलेला प्रश्न थोडा निराळा आहे: जाहीर व्हायचंच असेल, तर कुणी व्हायचं?

जाहीर दानाला आपल्याकडे दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर ते खांब देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावातले यवन आहेत. एका दाराच्या कामावर गंधद्रव्यं विकणाऱ्या माणसाचं नाव आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणं कायमची ठेव म्हणून दिली आणि ती गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली: एकीकडे २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंना वस्त्रांसाठी पैसे मिळायचे. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदवला गेला, असंही लेखात आहे. आत्मस्तुती त्यात आहेच. उषवदात आपल्या दानांची यादी देताना लाजत नाही. पण त्या दगडावर आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हिशेब. किती दिले, कुठे ठेवले, कशासाठी. देणाऱ्याने स्वतःला लोकांसमोर बांधून घेतलं आहे. आणि ज्या भिक्षूंना वस्त्रं मिळाली, त्यांच्यापैकी एकाचंही नाव तिथे नाही.

धर्मग्रंथांनी या प्रश्नाचा विचार केला तो बहुतेक देणाऱ्याच्या मनाच्या बाजूने. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू डाव्या हाताला उजव्याचं कळू देऊ नका म्हणतो, कारण लोकांत मिरवणाऱ्याला त्याचं फळ तिथेच मिळून गेलेलं असतं. कुराणातल्या दुसऱ्या सूऱ्यात उघड दानही चांगलंच म्हटलं आहे, पण गरिबाला गुपचूप दिलेलं अधिक चांगलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत, आणि तामस दानाच्या लक्षणांमध्ये एक असं आहे की ते घेणाऱ्याचा मान न राखता, तुच्छतेने दिलेलं असतं. इथे घेणारा माणूस पहिल्यांदा चित्रात येतो. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात तर घेणाऱ्याची लाज हेच मोजमाप आहे. काही जुने ज्ञानी लोक नाणी पदरात बांधून तो पदर पाठीवर टाकत आणि चालू लागत, म्हणजे गरिबाने मागून येऊन ती घ्यावीत आणि कुणाशी नजरानजर होऊ नये, असं तो नोंदवतो. त्याच्या उतरंडीत सर्वांत वरची पायरी मात्र दानाची नाहीच. माणसाला काम द्यावं, भागीदारीत घ्यावं, कर्ज द्यावं, म्हणजे त्याच्यावर मागायची वेळच येऊ नये, ही ती पायरी.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती तैत्तिरीय उपनिषदातली शिकवण. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य कसं द्यावं ते सांगतात, आणि त्या यादीत एक शब्द येतो: ह्री. ह्री म्हणजे लाज, संकोच. देताना लाज वाटली पाहिजे. घेणाऱ्याला नव्हे, देणाऱ्याला. माझ्याकडे एवढं आहे आणि त्याच्याकडे नाही, याची. देऊनही माझ्याकडे पुष्कळच उरणार आहे, याची. भाषांतर करणाऱ्याला या शब्दापाशी थांबावं लागतं, कारण आजच्या मराठीत लाज नेहमी घेणाऱ्याच्या वाट्याला आलेली आहे. मागायला लाज वाटते, हात पसरायला लाज वाटते. द्यायला लाज वाटते हे वाक्य कुणी बोललं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की रक्कम फार छोटी असावी.

शब्दांचा विषय निघाला आहे तर आणखी थोडं. मराठीत पैसे गोळा करण्याच्या कृतीला दोन वेगळे शब्द आहेत: देणगी आणि वर्गणी. देणगीत एक देणारा असतो आणि एक घेणारा, आणि त्यांच्यात उंचीचा फरक असतो. वर्गणीत तो नसतो. गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं गयावया करत नाहीत. पावतीपुस्तक घेऊन येतात, कधीकधी जरा जास्तच हक्काने येतात. वर्गणी देणारा उपकार करत नाही, आपला वाटा उचलतो. ही भावना एकट्या मराठीची नाही. गुजरातीतला फाळो म्हणजे मुळात हिस्सा. कन्नडमधली वंतिगे, मल्याळममधला पिरिव, बंगाली आणि हिंदीतला चंदा या सगळ्या शब्दांना गल्लीची, मंडळाची, ग्रंथालयाची, संपाची सवय आहे. तमिळमधला नन्कोडै मात्र सरळ ‘चांगलं दान’ म्हणतो, आणि तो देणगीच्या बाजूला उभा राहतो. भारतीय भाषांना हा फरक पक्का ठाऊक आहे. फोनवरच्या आवाहनांमध्ये मात्र सगळं देणगीच्या एकाच खात्यात जमा होतं.

महाराष्ट्रातल्या पुष्कळशा संस्था वर्गणीच्या भावनेवर उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली: स्वदेशी उद्योगासाठी प्रत्येकाने निदान एक पैसा द्यावा. टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड असाच. घरोघरी बायांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी गोळा व्हायचं. त्या मुलांपैकी कुठल्या मुलाने किती उपास काढले याची गोष्ट सांगितल्याशिवाय मूठ सुटत नव्हती, असं नव्हतं. शेजारीच दुसरी पद्धत होती, वार लावून जेवण्याची. गरीब विद्यार्थी, आणि तेही बहुधा ब्राह्मण, आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवायचे. त्या ताटात प्रेम नसायचं असं नाही, पण वाढणाऱ्याचा चेहरा पाहूनच घास घ्यावा लागायचा. वाराच्या ताटात आणि मुठीच्या भाताच्या ताटात अन्न कदाचित सारखंच असेल. खाणाऱ्याची मान सारखी नसते.

आता दुसरी बाजू, कारण ती भक्कम आहे. चेहरा दाखवल्याशिवाय माणूस द्यायला तयार होत नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीची गोष्ट आणि फोटो दाखवला, काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी दाखवली. मुलीला जास्त पैसे मिळाले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. काहींना मुलगी आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दाखवली, तेव्हा मुलीला मिळणारे पैसे कमी झाले. आकडा आला की कणव आटते. आवाहनं लिहिणाऱ्या संस्थांना हे पक्कं कळलं आहे, म्हणून आवाहनात आजाराचा देशभरातला पसारा कधी येत नाही. एकच मूल येतं.

पीटर सिंगरने १९७२ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाची सुरुवात आपल्या शेजारची आहे: १९७१ साली पूर्व बंगालमधून उपाशी, निराधार झालेली माणसं. उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं तर आपण कपड्यांचा विचार न करता उडी मारू. मग दूरच्या देशात मरणाऱ्या मुलासाठी तेवढीच किंमत मोजायला का कचरतो, असा त्याचा सवाल. अंतर हा नैतिक फरक नाही, असं त्याचं म्हणणं. पन्नास वर्षांनी फोनने ते अंतर खरोखर पुसलं. दूरचं मूल आपल्या तळहातावर आलं. पण सिंगरच्या तळ्यात एकच मूल आहे. आपल्या तळहातावर दर बोटासरशी नवं मूल येतं, आणि त्यातलं कुठलं आपल्यापर्यंत पोचेल हे तळं ठरवत नाही, यंत्रणा ठरवते. उडी मारणाऱ्याला निवड करावी लागते. निवड आली की स्पर्धा आली, आणि स्पर्धा आली की बुडणाऱ्याला चांगलं बुडून दाखवावं लागतं.

हे मी माझ्या कामातून सांगते आहे. अशा आवाहनांची भाषांतरं मी केली आहेत. घरचे लोक मराठीत बोलतात, त्याचा इंग्रजी मजकूर करायचा असतो, कारण पैसे बहुतेक करून इंग्रजी वाचणाऱ्यांकडून येतात. विदर्भातल्या एका बापाचं बोलणं माझ्याकडे आलं होतं. तो म्हणाला होता, ‘डॉक्टर म्हणतात पोरगी बरी होईल. पैशाचं तेवढं जुळवणं चाललंय.’ जुळवणं हा फार स्वाभिमानी शब्द आहे. त्यात उसनवारी आहे, धडपड आहे, पण हात पसरणं नाही. मी इंग्रजीत त्याच्या जवळचा शब्द ठेवला. संस्थेकडून मजकूर सुधारून आला, तेव्हा तो बाप असहाय होता, त्याच्या डोळ्यांदेखत मुलगी मृत्यूशी झुंजत होती आणि तो हात जोडून तुमच्या दारात उभा होता. हा मजकूर त्याला मराठीत वाचून दाखवायला हवा असं मी कळवलं, आणि फोनवर वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, ‘ताई, मी असं काही बोललो नाही. पण असं बोलल्यानं पैसे येत असतील तर राहू द्या.’

मजकूर तसाच गेला. निर्णय त्याचा होता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तोच घेतला असता. लेकीच्या जिवापुढे एका क्रियापदाची काय पत्रास? पण याला कुणी संमती म्हटलं, की मला त्या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावासा वाटतो. संमती म्हणजे नाही म्हणता येणं. ज्याला नाही म्हटलं तर पोरगी जाईल अशी भीती आहे, त्याच्या होकाराला आपण कायद्याच्या कागदावर संमती म्हणू शकतो, मनात नाही. आणि ज्या मुलीचा फोटो लागला तिने तर हो म्हटलेलंच नाही. ती बरी झाली, वीस वर्षांची झाली, कुठे नोकरी मागायला गेली किंवा लग्नाचं बोलणं चाललं, तर तिच्या नावाचा शोध घेणाऱ्याला काय सापडेल? बापाने कधीच न बोललेली वाक्यं आणि नाकातली नळी. उधारी फिटते, हे फिटत नाही.

अन्याय एवढ्यावर थांबत नाही. ज्यांचं आवाहन चालतं ते कोण? ज्यांचा कुणी भाचा बंगळूरला संगणकाच्या कंपनीत आहे. ज्यांचं मूल हसरं आणि गोरं आहे. ज्यांच्या आजाराचं नाव सांगण्यासारखं आहे. क्षयरोगाचं, दारूने खराब झालेल्या यकृताचं, मनाच्या आजाराचं आवाहन लोकांच्या हृदयाला भिडत नाही. पन्नाशीच्या हमालाचा डायलिसिस दर आठवड्याला करायचा असतो, त्याला शेवटाची तारीख नसते, म्हणून पट्टी भरत नाही. गरजेच्या क्रमाने पैसे जात नाहीत. गोष्टीच्या क्रमाने जातात. साहित्याच्या माणसांनी याचा जरा जास्तच विचार करायला हवा. चांगली गोष्ट सांगता येणं ही आपली कमाई आहे. ती जगण्याची अट व्हावी असं आपल्यापैकी कुणालाही वाटणार नाही.

२०२१ मध्ये १६ कोटींचं इंजेक्शन हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात घरोघरी पोचला. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आजारावरचं नोव्हार्टिसचं जनुकीय औषध, २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत २१ लाख डॉलरच्या वर होती. मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी एवढे पैसे जमवले, केंद्र सरकारने आयातीवरचे काही कोटींचे कर माफ केले. त्याच वर्षी केरळमधल्या एका बाळासाठी आठवड्याभरात लागणाऱ्या रकमेच्या दुपटीहून जास्त जमा झाले आणि आता पाठवू नका, असं सांगावं लागलं. या गोष्टी आनंदाच्याच आहेत. त्या मुलांच्या आयुष्यासमोर कुठलाही युक्तिवाद चालत नाही. पण त्याच काळात तोच आजार असलेली इतर मुलं होती, त्यांच्या पट्ट्या अर्ध्यावर थांबल्या. आणि औषधाची किंमत एवढी का, हा प्रश्न विचारायला कुणाला उसंत नव्हती, कारण सगळे ती भरण्यात गुंतले होते. कंपनीची मागणी आपण लोकसहभागातून पुरवत होतो.

शासनाने काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सरकारी मदतीला मर्यादा होती. काही आजारांसाठी एकदाच २० लाखांपर्यंत. पुढच्या वर्षी ती ५० लाखांवर नेण्यात आली. त्यापलीकडच्या खर्चासाठी धोरणानेच लोकांच्या ऐच्छिक देणग्या गोळा करणारं एक डिजिटल पोर्टल उभं केलं. म्हणजे ज्याच्याकडे कर गोळा करण्याची ताकद आहे, तोही वर्गणी सोडून देणगीच्या रांगेत येऊन उभा राहिला. कर ही खरं तर सगळ्यांत मोठी वर्गणी. तिच्यात कुणाचा चेहरा दाखवावा लागत नाही, आणि म्हणूनच ती देताना आपलं हृदय द्रवत नाही. सरकारी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. पूर्वीपेक्षा हे प्रमाण उतरलं आहे. तरीही दर शंभर रुपयांतले जवळपास चाळीस रुपये कुणीतरी कुठूनतरी जुळवलेले आहेत. त्या जुळवण्यातला अगदी थोडा भाग आपल्या फोनवर दिसतो.

इथे मराठी वाचकाला एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. गावगाड्यात बलुतं हा नावापुरता हक्क होता. केलेल्या कामाचा धान्यातला वाटा. पण अस्पृश्य मानलेल्या जातींना तो हक्क दारोदार फिरून, दुरून हाक मारून, उरलंसुरलं पदरात घेऊन मागावा लागे. हक्काला भिकेचं रूप दिलं की देणारा दयाळू ठरतो आणि घेणारा मिंधा, ही त्यातली खुबी. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना शिळे तुकडे मागणं सोडा असं सांगितलं, तेव्हा त्यांचं भांडण भाकरीशी नव्हतं; भाकरी ज्या वाटेने येते त्या वाटेशी होतं. उपाशी राहण्याचा धोका पत्करून त्यांनी मान मागितली. आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेनंतर त्याच गरीब माणसांना त्यांनी आपल्या कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितलं. ज्यांना पिढ्यानपिढ्या घेणारे ठरवलं होतं, त्यांना त्यांनी वर्गणीदार केलं. दानाच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे, पण दानाबद्दलच्या लेखनात ती फारशी येत नाही.

उपचार हा हक्क असेल, तर फोनवरचं आवाहन हे त्या दुरून मारलेल्या हाकेसारखंच आहे. दार आता काचेचं आहे, एवढाच फरक.

मग सामाजिक माध्यमं या कामाला वाईट असा निकाल द्यायचा का? तो खोटा ठरेल. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, ज्यांनी रात्र रात्र जागून प्राणवायूचे सिलिंडर, रिकाम्या खाटा, औषधं यांची माहिती पडताळून पुढे पाठवली, त्यांनी कुणाचं रडणं दाखवलं नाही. फोन नंबर, पत्ता, शेवटची खात्री किती वाजता केली ती वेळ, एवढंच. ती माहितीची वर्गणी होती. २०१४ मध्ये अमेरिकेत एएलएस या आजारासाठी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याचं आव्हान पसरलं आणि तिथल्या एएलएस असोसिएशनकडे एका उन्हाळ्यात साडेअकरा कोटी डॉलर आले. त्यावर पुष्कळ जण हसले: हे दान की तमाशा? पण तमाशा देणाऱ्यांनी स्वतःचा केला होता, भिजले ते. आजारी माणसाला कुडकुडून दाखवावं लागलं नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी बर्फाऐवजी बादलीभर तांदूळ जवळच्या गरजू माणसाला द्या, असं सुचवलं आणि ती कल्पना देशभर गेली. मुष्टिफंडाचीच ही नात म्हणायची. फक्त तिथेही पुढे देणाऱ्याबरोबर घेणाऱ्याचा फोटो काढण्याची रीत आली, आणि तांदूळ हातात घेऊन कॅमेऱ्याकडे पाहणारी म्हातारी माणसं दिसू लागली.

चेहरा दाखवणं नेहमीच अपमान असतं असंही नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रप्रसाद मिदनापूरच्या गावांतून फिरले, उपाशी माणसं रेखाटली, आणि त्यांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त केलं. जप्त केलं याचं कारण उघड आहे. ती चित्रं फक्त कणव मागत नव्हती, दुष्काळ कुणी आणला हेही विचारत होती. सुनील जाना यांच्या छायाचित्रांचंही तसंच. मला वाटतं, कसोटी इथे सापडते. दाखवलेल्या चेहऱ्यामुळे पाहणाऱ्याला ‘याला काय झालं’ याबरोबर ‘हे का झालं’ असा प्रश्न पडत असेल, तर त्या चेहऱ्याचा मान राहिला. पाहून नुसतेच डोळे भरून येत असतील आणि पैसे पाठवल्यावर बरं वाटून आपण पुढच्या फोटोकडे जात असू, तर आपण त्या चेहऱ्याकडून काहीतरी विकत घेतलं. पट्टीवर त्याची रक्कम लिहिलेली नसते.

यातून काही साध्या गोष्टी निघतात, आणि त्या संस्थांना करता येण्यासारख्या आहेत. आवाहनातला मजकूर त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, आणि त्याने न बोललेलं त्याच्या तोंडी घालू नये. फोटो न देण्याची मुभा हा पर्याय त्याच्या समोर पहिल्यांदा ठेवावा, शेवटी नव्हे. रक्कम पूर्ण झाली की मुलाचं नाव आणि चित्र काढून टाकावं, हिशेब मात्र राहू द्यावा. एखाद्याला गरजेपेक्षा जास्त मिळालं, तर वरचे पैसे ज्यांची गोष्ट कुणी वाचत नाही त्यांच्या सामायिक निधीत जावेत, आणि हे पैसे देतानाच सांगितलेलं असावं. देणाऱ्यांनाही काही करता येईल. एखाद्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला, रक्तपेढीला, ग्रामीण दवाखान्याला दरमहा ठरलेली रक्कम, कुणाचाही फोटो न पाहता. दरमहा खात्यातून वळती होणारी रक्कम ही भावनाशून्य गोष्ट आहे. वर्गणी भावनाशून्यच असते. म्हणूनच ती थकल्यावरही चालू राहते.

आणि तरी रात्री कधीतरी एखादं मूल आपल्या फोनवर येईलच. तेव्हा हे सगळे युक्तिवाद बाजूला ठेवून द्यावं, असंच मी म्हणेन. बुडणाऱ्या मुलाला तळ्याच्या कठड्याबद्दल बोलत बसणारा माणूस काय कामाचा? पण दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्याबद्दलही बोलायला हवं: पालिकेत, मतदानाच्या वेळी, आरोग्याच्या अर्थसंकल्पाची बातमी आतल्या पानावरून शोधून वाचताना. विनोबा भूदानाच्या काळात दान म्हणजे समान वाटणी असा अर्थ सांगत, तो जमिनीपुरता नव्हता.

राहता राहिली ह्री. तो नाव गुप्त ठेवण्याचा चौकोन समोर येईल, तेव्हा आपण क्षणभर थांबू शकतो. समोरच्या बाईने आपलं नाव, गाव, कर्ज आणि लेकराचा चेहरा अनोळखी लोकांपुढे ठेवला आहे. तिच्या शेजारी आपलं नाव आणि रक्कम लिहून उभं राहणं, निदान लपून न पाहणं, ही आजच्या काळातली विनयाची रीत असू शकेल. कुणी म्हणेल, हा मिरवतो. म्हणू दे. त्या यादीत उघडं पडलेलं माणूस ती एकटी नसेल.